काळ्या खुर्चीतला सल्ला

हेमलताच्या नव्या घरात तिच्या सुतार वडिलांनी स्वतः घडवलेल्या चार काळ्याभोर शिसवी खुर्च्या होत्या. वास्तू बघायला आलेले त्रिंबकशास्त्री त्यातल्याच एकीत तासभर ऐसपैस बसले, तिसरा चहा संपवला आणि म्हणाले, "काळ्या खुर्चीत बसणाऱ्याची बुद्धी फिरते. आजच विकून टाका."

सासऱ्यांनी लगेच टेम्पोवाल्याला फोन लावायला घेतला.

हेमलता कपबशी उचलत शांतपणे म्हणाली, "शास्त्रीबुवा, तासभर या खुर्चीत बसूनही तुमची बुद्धी ठिकाणावर असेल, तर खुर्चीत दोष नाही. आणि फिरली असेल, तर तुमचा सल्ला ऐकायचा कसा?"

शास्त्रीबुवांना त्या खुर्चीत बसवेना आणि उठवेनाही.

सासऱ्यांनी फोन खिशात टाकला, दुसरी काळी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर निवांत बसले.