मखमलीतली नौका

“आठ दिवसांनी या नौकेत थेंबभर पाणी शिरता कामा नये!” शंखगडचे राजे भानुसिंह गरजले. “फळी बदलायची नाही, खिळा ठोकायचा नाही, फटीत कापूस कोंबायचा नाही, डांबर फासायचं नाही. सात राज्यांचे धनी या लाकडावर बसून तह करून गेलेत! नाही जमलं, तर बाबल सुतारा, लेकीला घेऊन राज्याबाहेर चालता हो!”

म्हाताऱ्या बाबलने कपाळावर हात मारला. नौका खाडीत लोटल्याबरोबर चाळणीसारखी गळू लागली, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? बारा वर्षं ती गडावरच्या दालनात कोंडलेली. अंगावर मखमल, ओल लागू नये म्हणून चारी कोपऱ्यांत धगधगत्या शेगड्या, दारात पहारा. एवढी बडदास्त राजांच्या आईसाहेबांचीही नव्हती! माल वापरायचा नाही, नुसता झाकून ठेवायचा, अशी ती जपणूक. आता सोनगडच्या सरदारांनी मुलाच्या वरातीसाठी नौका भाड्याने मागितली, राजांनी मिशीला पीळ देत होकार भरला आणि पाण्यात उतरताच सगळा तोरा ओलाचिंब!

बाबलची लेक येसू मात्र पुढे झाली. बापाच्या हाताखाली होड्या बांधतच ती मोठी झालेली.

“महाराज, फळी नाही, खिळा नाही, कापूस नाही, डांबर नाही. पाणी चालेल?”

कारभारी आबाजीपंत खो खो हसले. “ऐका! गळकी नौका ही पाण्याने दुरुस्त करणार! उद्या आग विझवायला तेल मागेल!”

“घे हवं तेवढं पाणी,” राजे म्हणाले. “खाडी तुझीच समज.”

“शब्द दिलात हं, महाराज!”

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूने नौका काठाजवळच्या उथळ पाण्यात आणली, दोरांनी बांधली, धोंड्यांनी भरली आणि सरळ बुडवली!

आबाजीपंत धोतराचा सोगा सावरत धावत आले. “अगं कैदाशिणी! सात राजांची नौका बुडवलीस?”

“बुडवली कुठे, पंत? भिजत घातलीय.”

“भिजत घालायला ते काय वाटाणे आहेत?”

“वाटाणे एका रात्रीत फुगतात, लाकडाला आठवडा लागतो. तुम्ही तेवढे बारा महिने फुगलेले!”

पंतांनी शिपाई बोलावले. पण राजांनी हात वर केला. “आठ दिवस दिलेत. नवव्या दिवशी बघू.”

बाबलने घरी भांडीकुंडी बांधून ठेवली.

नवव्या दिवशी ओहोटीला येसूने धोंडे काढले, पाणी उपसलं, तळ कोरडा पुसून घेतला. भरती आली, नौका अलगद उचलली गेली. राजे पांढराशुभ्र अंगरखा घालून थेट तळाशी फतकल मारून बसले. चांगले घटकाभर बसले. उठून मागून अंगरखा चाचपला. कोरडा ठणठणीत!

“कोणता मंत्र घातलास, पोरी?”

“मंत्र कसला, महाराज! शेगड्यांनी लाकूड आकसलं, फटी पडल्या. पाणी पिऊन फुगलं, फटी मिटल्या. आमच्या बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल. पण दरबारात त्याला विचारतो कोण?”

“वरात आटोपली की नौका पुन्हा दालनात!” पंत घाईघाईने म्हणाले. “थोरामोठ्यांची वस्तू ही. ऐऱ्यागैऱ्यांना भाड्याने द्यायची की काय?”

“थोरमोठे बसले ते तरंगत्या नौकेत, पंत! बारा वर्षं मखमलीखाली कोण बसलं होतं? झुरळं! नौका राखायची तर तिला पाण्यात ठेवा, रोज वऱ्हाडं न्या. नाहीतर भाडं झुरळांकडून वसूल करा!”

राजे इतके हसले, इतके हसले, की नौका डुलायला लागली! हसता हसताच त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं आणि नौकेची देखभाल नि भाडं, दोन्ही बाप-लेकीला देऊन टाकलं. पंतांनीही हसून पाहिलं. जमलं नाही.