गोदूची संथा

“ऐकू तर चांगलं येतं तिला. मग जीभ का वळत नाही?”

विश्वंभरशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. केरोबा मठाच्या ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

आपला प्रश्न असा वाऱ्यावर जावा, याची शास्त्रीबुवांना सवय नव्हती. त्यांची वेदपाठशाळा पंचक्रोशीत नावाजलेली. शास्त्र्यांनी शिकवलं तर दगडसुद्धा ऋचा म्हणेल, असं लोक म्हणत, आणि शास्त्रीबुवा ते कधी नाकारत नसत. त्यांची एकुलती एक मुलगी गोदू मात्र साडेपाच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. दिव्याखाली अंधार, हे गावानं त्यांच्या पाठीमागे केव्हाच म्हणून टाकलं होतं.

वैद्य झाले, नवससायास झाले. शेवटी बायकोनं अन्न सोडलं, तेव्हा ते लेकीला घेऊन ही टेकडी चढले. केरोबांना अक्षरओळखही नव्हती. पण मुकी, तोतरी, अडखळणारी मुलं त्यांच्याजवळ बसून बसून बोलती होतात, असं लोक सांगत. सगळीच नाहीत. काही.

“काय काय करून बघितलं?” केरोबांनी विचारलं.

“वेखंड उगाळून जिभेला लावलं. पोपटानं टोचलेला पेरू चारला…”

“ते आयाबायांचं झालं. तुमी काय केलं?”

शास्त्रीबुवा ताठ बसले. “मी तिला रोज सकाळी संथा देतो.”

“म्हंजी?”

“पाठशाळेची रीतच आहे. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं मागून दोनदा. मी म्हणतो, ‘अण्णा’. तिनं दोनदा म्हणायचं, ‘अण्णा, अण्णा’. म्हटलं की दुधाची वाटी.”

“आन न्हाय म्हटलं तर?”

शास्त्रीबुवांनी उपरण्याचं टोक सारखं केलं.

“न्हाय म्हटलं तर, शास्त्रीबुवा?”

“तिची आई चोरून देते.”

केरोबांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. उठले, आणि दोन पायऱ्या उतरून अंगणात गेले. तिथं गोदू सालपटांशी खेळत बसली होती. म्हातारा तिच्यासमोर जमिनीवर बसला. आणि बसूनच राहिला.

गोदूनं एक शेंग उचलून भुईवर आपटली.

केरोबांनीही एक शेंग घेतली. दोनदा आपटली.

गोदूनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग सालपटं उधळली. केरोबांनी उधळली. पायरीवरचं ऊन सरकून अंगणात आलं, तरी दोघं गप्पच.

“अहो केरोबा, काहीतरी बोला तिच्याशी!” शास्त्रीबुवांना राहवेना.

केरोबांनी मागे न बघता हात वर केला. थांबा.

…

“ब्बू,” गोदू म्हणाली.

“ब्बू. ब्बू,” केरोबा म्हणाले.

गोदूची मान झटकन वर झाली. तिनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. घरी आरशाकडेसुद्धा ती असं पाहत नसे.

“ब्बू!”

“ब्बू! ब्बू!”

आणि गोदू हसली. खळखळून, अंग मागं टाकून हसली. शास्त्रीबुवांना आठवेना, हे हसू आपण शेवटचं कधी ऐकलं. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला नाही. कुण्या परक्या म्हाताऱ्यापुढे आपली पोर इतकी मोकळी व्हावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

“तो काही शब्द नाही,” ते म्हणाले.

“नसंल.”

“त्याला अर्थसुद्धा नाही.”

“अजून न्हाय.”

“आणि दोनदा तुम्ही म्हणता आहात! दोनदा शिष्यानं म्हणायचं असतं.”

“मंग? द्येनारी ती हाय.” केरोबा गोदूकडेच बघत होते. “झेलनारा कुनी नसंल, तर पोर चेंडू टाकंल कशाला?”

शास्त्रीबुवांनी यावर वाद घातला असता. वादात त्यांना हरवणारा चार जिल्ह्यांत नव्हता. पण आज त्यांना जिंकायचं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती मागताना त्यांचा आवाज चिरकला.

“अशानं ती बोलेल?”

“येखादं बोलतं. येखादं हातांनी सांगाया शिकतं, तेवढंच. दोन वर्सं लागतात, कवा चार. रोज बसावं लागतं.”

“मला ती अण्णा म्हणेल का? एकदा तरी? एवढंच सांगा.”

“ते मला ठावं न्हाय.”

शास्त्रीबुवांनी ओसरीच्या खांबाला हात टेकला. आजवर प्रत्येक वैद्यानं, प्रत्येक भगतानं होय म्हटलं होतं. त्या होकारांवर त्यांनी तीन वर्षं काढली होती. नाही म्हणायचं धाडस या अडाण्यानंसुद्धा केलं नाही, पण होयही म्हटलं नाही. आता धरायला काहीच उरलं नाही.

“या,” केरोबा म्हणाले आणि आपली जागा सोडून बाजूला झाले. “बसा हितं. संथा घ्या.”

“कुणाकडून?”

केरोबांनी गोदूकडे बोट केलं.

तीस वर्षांत शास्त्रीबुवांनी कुणाकडून संथा घेतली नव्हती. क्षणभर वाटलं, पोरीला उचलावं आणि टेकडी उतरावी. पण खाली घरात बायको उपाशी होती. ते पायऱ्या उतरले. खांद्यावरचं उपरणं काढून बाजूला ठेवलं आणि लेकीसमोर मातीत मांडी घातली. त्यांचे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत, तसे हात जोडून, मान खाली घालून.

गोदूचं हसू थांबलं.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. बापाकडे पाहिलं. मग उजव्या हाताचा पंजा उचलला आणि आपल्याच तोंडावर दाबून धरला. घट्ट. गालांत बोटं रुतली.

शास्त्रीबुवांनी ओळखलं.

घरी विद्वान मंडळी बसलेली असत. चर्चा रंगात येई, आणि मधेच माजघरातून गोदू धावत येऊन म्हणे, ब्बू. मंडळी एकमेकांकडे बघत. मग शास्त्रीबुवा तिला जवळ ओढत आणि तिच्या तोंडावर हात ठेवत. मारलं कधीच नाही. आपण पोरीवर कधी हात उगारला नाही, हे ते चारचौघांत अभिमानानं सांगत. आज त्यांच्या हाताचं काम पोर आपल्याच हातानं करत होती. साडेपाच वर्षांत तिनं बापाकडून एकच धडा पाठ केला होता, आणि तो बिनचूक.

काहीतरी बोलून तो हात खाली आणावा, असं त्यांना वाटलं. पण ज्याच्या जिभेवर हजारो ऋचा होत्या, त्याला त्या घटकेला एक शब्द सापडेना. गोदूच्या डोळ्यांत भीतीसुद्धा नव्हती. ती फक्त वाट पाहत होती, बापाचं काम कधी आटोपतंय याची.

…

“महाराज,” शास्त्रीबुवा कसेबसे म्हणाले, “ही मला संथा देणार नाही. चालतो मी.”

केरोबा ओसरीवर जाऊन पुन्हा शेंगा सोलायला बसले होते.

“दिली की आत्ताच, तोंडावर हात ठिवून,” ते म्हणाले. “आता तुमी दोनदा म्हना.”