पाटावरची सुपारी

"बुवा, होमाला बायकोऐवजी सुपारी चालते ना?"

विश्वंभर आठल्ये मठाच्या पायऱ्या चढता चढताच विचारत आला. पाडव्याचा दिवस, ऊन डोक्यावर आलेलं. अंगावर अजून सकाळचं सोवळंच होतं.

नृसिंहबुवा पाय धूत होते. म्हणाले, "चालते. बायको परगावी असली तर सुपारी कनवटीला लावावी आणि बसावं. द्वारका कुठं गेलीय?"

"कुठं नाही."

"मग?"

"घरीच आहे..."

विश्वंभर हा बुवांचा सगळ्यात हुशार शिष्य. असं मी म्हणत नाही, तोच म्हणतो. दर पाडव्याला गुढी उभी राहिली की घरच्या ओटीवर होम घालायचा, पोथी न उघडता सगळं तोंडपाठ म्हणायचं, आणि मग बायकोला घेऊन मठात जेवायला यायचं, हा त्याचा नेम. मंत्र चोख, त्यात वाद नाही. ताठाही चोख. वाढायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी पळी घेऊन तिथंच उभा होतो.

"द्वारका आजारी आहे?" बुवांनी विचारलं.

"नाही. आई अंथरुणाला खिळलीय ना... ऐन मुहूर्ताला तिनं अंथरूण घाण केलं. द्वारका सोवळं नेसून बसायला निघाली होती. तशीच आत धावली."

"बरं."

"आता ते सगळं धुवायचं, आईला पुसून घ्यायचं, मग स्वतः पुन्हा अंघोळ करायची. ओटीवर आळी जमलेली. मुहूर्त टळत होता, बुवा. माणसानं थांबावं तरी किती?"

"तू किती थांबलास?"

"थांबलो नाही," विश्वंभर म्हणाला.

बुवांनी पंच्यानं पाय पुसले. सावकाश, एकेक बोट.

"होम तर आटपला. मग आता कशाला विचारतोस?"

"आईला अंगारा लावायला गेलो. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पाडव्याला माझ्या हातचा अंगारा लागल्याशिवाय ती पाणीसुद्धा घेत नाही. आज अंगाराही नको म्हणते आणि पाणीही नको. तशीच पडून आहे, उपाशी. आपण फक्त एवढं म्हणा, की होम झाला. मी जाऊन तिला सांगतो. आपला शब्द ती मोडणार नाही."

"पानं मांडली आहेत," बुवा म्हणाले. "जोडीनं बसा."

"जोडीनं कसं? द्वारका तर..."

"सुपारी आहे ना?"

ती अजून त्याच्या कनवटीलाच होती. बुवांनी हात पुढं केला. त्यानं काढून दिली. बुवांनी ती शेजारच्या पाटावर ठेवली आणि मला म्हणाले, "हिला वाढ."

बुवांनी सांगितल्यावर मी कोण विचारणारा? मीठ वाढलं, कोशिंबीर वाढली, पुऱ्या, श्रीखंड. आधी मला हसू फुटत होतं. मग विश्वंभरकडं पाहिलं आणि माझंच मला वाईट वाटलं. तो मान खाली घालून बसला होता.

"आग्रह कर की तिला," बुवा म्हणाले.

"बुवा, पुरे..."

"सकाळपासून राबलीय. भूक लागली असेल."

विश्वंभरनं पानाला हात लावला नाही. श्रीखंडावर माशी बसली, ती मी पळीनं हाकलली.

"ती आली होती," तो म्हणाला.

"कोण?"

"द्वारका. पुन्हा अंघोळ करून आली. केस ओले, हातात आहुतीचा भात. दारात उभी राहिली. माझ्या निम्म्या आहुत्या अजून बाकी होत्या. जरा सरकलो असतो तर बसली असती. मी पाहिलं तिला, बुवा. पाहिलं... आणि पुढचं स्वाहा जरा मोठ्यानं म्हटलं."

"का रे?"

"सगळे बघत होते. चारचौघांत कमरेची सुपारी काढायची लाज वाटली."

"मग?"

"भात उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. मघाशी आईला तीच विनवत होती, दोन घोट पाणी तरी घ्या म्हणून. मी बाहेर उभा राहून ऐकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. एवढा ताठ माणूस, मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

"पुन्हा घालतो होम," तो म्हणाला. "आजच. द्वारकेचे पाय धरतो, तिला शेजारी बसवतो. पण आईला आत्ता काय सांगू? सकाळी होम झालाच नाही, असं सांगू का?"

बुवांनी त्याच्याकडं बघितलं.

"असं कसं सांगशील? होम झाला की तुझ्या घरी. आत, आईच्या खोलीत झाला. तू तेव्हा ओटीवर काय करत होतास?"