‘अ’चा खण

मिरजेच्या एका छापखान्यात ‘भयसम्राट’ नीळकंठ ओगले यांची कादंबरी छापायला आली. चाळिसाव्या पानावर खिळे जुळवणाऱ्या सोनाबाई काटकर थांबल्या आणि समोर बसलेल्या लेखकाला म्हणाल्या, “साहेब, ‘अ’चा खण रिकामा झाला. तुमचं भूत अवर्णनीय, चेहरा अकल्पनीय, हसणं अमानवी, वाससुद्धा अनामिक! एवढे ‘अ’ आणायचे कुठून? ते दिसतं तरी कसं?”

ओगल्यांनी उपरणं सावरलं. “बाई, भीती न सांगण्यातच असते. वाचकाला त्यानंच घाम फुटतो. तुम्हाला नाही कळायचं ते.”

सोनाबाई मान डोलावून आत गेल्या आणि पडेल चेहऱ्याने बाहेर आल्या. “साहेब, मुखपृष्ठाच्या हजार प्रती छापून झाल्या. पण त्यावर काहीतरी अघटित घडलंय.”

“काय घडलंय?”

“अवर्णनीय आहे. अगदी अकल्पनीय.”

“अहो, कोड्यात काय बोलताय?” ओगले खेकसले. “नीट सांगा की!”

“तुमच्या आडनावात ‘ग’च्या जागी ‘क’ पडलाय.”

ओगले ताडकन उठले. “म्हणजे हजार प्रतींवर ‘नीळकंठ ओकले’?” त्यांचं कपाळ घामाने डबडबलं.

सोनाबाईंनी मुखपृष्ठ पुढे धरलं. आडनावातला ‘ग’ जागच्या जागी होता.

“बसा साहेब, नाव शाबूत आहे. पण बघा, मी एवढे ‘अ’ लावले तेव्हा तुम्ही नुसते वैतागलात. घाम फुटला तो एका ‘क’ने.”