टाचेतली ठणकी

तानूच्या टाचेत एक ठणकी राहायची. मोहरीएवढी. लाल लाल. दिवसभर झोपायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

एकदा सकाळी तानू आत्याच्या घरामागं बोरं वेचायला गेली. चप्पल विसरली. शहाणी कुठली.

बोरीखाली काटा होता. खच्च.

पाय टुणकन वर उडाला. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. पाय तेवढा हुशार.

पण काटा आत मोडला. ठणकीच्या घरात. अगदी तिच्या अंथरुणावर.

ठणकी उठली. बघते तर काळा काळा काटा, अंधारात उभा. ठणकी कोपऱ्यात सरकली.

"हे घर माझं आहे," ती म्हणाली.

काटा आणखी आत सरकला. कुर्र कुर्र.

ठणकी पळाली. ठण ठण, ठण ठण. हाताकडे गेली.

"हाता रे हाता, काटा काढ."

हात म्हणाला, "मी नाही काढणार. मला कुठं दिसतंय? डोळा बघेल, तर मी काढीन."

ठणकी मुगाएवढी झाली. ठण ठण, ठण ठण. डोळ्याकडे गेली.

"डोळ्या रे डोळ्या, काटा बघ. हात काढेना, काटा निघेना."

डोळा घट्ट मिटला. "मी नाही बघणार. रक्त असलं तर? तोंड आत्याला हाक मारेल, तर मी बघीन."

ठणकी हरभऱ्याएवढी झाली. ठण ठण, ठण ठण. तोंडाकडे गेली.

"तोंडा रे तोंडा, हाक मार. डोळा बघेना, हात काढेना, काटा निघेना."

तोंड म्हणालं, "मी नाही हाक मारणार. माझ्यात बोर आहे. डोकं सांगेल, तर मी हाक मारीन."

ठणकी बोराएवढी झाली. ठण ठण, ठण ठण. डोक्याकडे गेली.

"डोक्या रे डोक्या, तोंडाला सांग. तोंड बोलेना, डोळा बघेना, हात काढेना, काटा निघेना."

डोकं म्हणालं, "मी नाही सांगणार. छाती धडधडतेय, मला सुचत नाही. छाती गप होईल, तर मी सांगीन."

ठणकी लिंबाएवढी झाली. ठण ठण, ठण ठण. छातीकडे गेली.

"छाती गं छाती, गप हो. डोकं सांगेना, तोंड बोलेना, डोळा बघेना, हात काढेना, काटा निघेना."

धडधड धडधड. छाती म्हणाली, "मी नाही गप होणार. आत्याच्या बांगडीत पिन आहे. टोकदार. ती पिनेनंच काटा काढते. मला पिनेची भीती वाटते."

"मलाही वाटते," ठणकी म्हणाली. "पण पिन येते नि जाते. काटा राहायला आलाय."

तरी धडधड धडधड.

ठणकी कवठाएवढी झाली. टाच सुजली. गरम झाली. तानूला पाय टेकवेना.

"माझं घर गेलं," ठणकी म्हणाली. "आता मी भोपळ्याएवढी होणार. आणि तुझ्याकडे राहायला येणार."

"नको गं बाई," छाती म्हणाली. आणि गप झाली.

छाती गप झाली, डोक्यानं सांगितलं. डोक्यानं सांगितलं, तोंडानं बोर थुंकलं.

"आत्ये, काटा मोडलाय."

आत्या आली. "कधी मोडला?"

"सकाळी."

"आणि आत्ता सांगतेस? तोंडात काय बोर धरून बसली होतीस?"

"हो," तानू म्हणाली.

आत्यानं बांगडीतली पिन काढली. चुलीच्या जाळावर धरली. निवू दिली.

डोळ्यानं बघितलं. काटा दिसला. आत्यानं पिनेनं टोक उकरलं. दुखलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच दुखलं. मग हातानं चिमटीत धरलं. ओढलं.

सुळ्ळकन काटा बाहेर.

केवढा? जिऱ्याएवढा.

"एवढाच होय," तानू म्हणाली.

आत्यानं हळद चेपली.

ठणकी लिंबाएवढी झाली. बोराएवढी झाली. हरभऱ्याएवढी. मुगाएवढी. मोहरीएवढी. घरी गेली. अंथरूण झटकलं. पांघरूण घेतलं.

काटा गेला चुलीत, ठणकी निजली टाचेत.

तुझ्याही टाचेत एक आहे. निजू दे तिला. उठलीच, तर लगेच सांग.