टिटवीच्या दारात पडलेली तबकडी

छन्न! फार वर्षांपूर्वी, झाडीने भरलेल्या एका सार्वजनिक बागेत टिटवीने हा आवाज पहिल्यांदा ऐकला. तिथे लोखंडी खांबाला साखळ्या टांगल्या होत्या. माणसं लांबून तबकड्या फेकत. तबकडी साखळ्यांना लागून खालच्या टोपलीत पडली की माणसं खूश होत आणि ती लगेच काढून घेत. "टोपलीला खाऊ घालायचं आणि पुन्हा काढून का घ्यायचं?" टिटवीला कोडं पडे.

एके सकाळी एक लाल तबकडी शिरीषाच्या खोडावर आपटून तिच्या अंड्यांना अगदी लागूनच पडली.

"पंख नाहीत, मग उडतेस कशी गं?" टिटवीने विचारलं.

"उडते कसली, मला उडवतात. आणि मी पडते तिथंच पाय रोवून मला पुन्हा फेकतात, बाई."

टिटवीने अंड्यांकडे पाहिलं. अंडी मातीच्याच रंगाची, पाय देणाऱ्याला कुठली दिसणार? पंख मोडल्याचं सोंग करून ती लंगडत दूर निघाली.

"ते सोंग कुत्र्यामांजरांना," तबकडी म्हणाली. "मला फेकणाऱ्या थोरातबाई मला न्यायला येतायत, तुला नाही."

टिटवी माघारी आली आणि अंड्यांवर बसली.

थोरातबाई आल्या. त्यांनी पाय उचलला, तरी टिटवी हलली नाही.

"तिथूनच फेका हं," मागून त्यांची मैत्रीण ओरडली, "नाहीतर डाव माझा!"

बाईंचा पाय अधांतरीच थांबला. त्या वाकल्या, टिटवीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तबकडी अलगद उचलून पिशवीत टाकली आणि डाव सोडून चालू लागल्या.