उलटे येणाऱ्यांचे दार

माळावरच्या एका बाभळीखाली मुंग्यांचे मोठे वारूळ होते. आत येणाऱ्या प्रत्येकाला पहारेकरणी हुंगून पाहत आणि वास ओळखीचा असेल तरच सोडत. मागच्या दाराला मात्र, बालमित्रांनो, भलताच नियम होता. तिथे जो उलटा चालत येईल, त्याला हुंगायचे नाही आणि काही विचारायचेही नाही. फार पूर्वी एक शेणकिडा शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत तिथे येई आणि पावसाळ्यापुरती ती वारुळात ठेवी. त्याचे तोंड दिसत नसे आणि शेणापुढे दुसरा वास कळत नसे, म्हणून बिचाऱ्याला ही सवलत दिली होती. पुढे तो म्हातारा होऊन मेला, नियम मात्र ठणठणीत राहिला.

एके वर्षी वारुळातली अंडी रोज थोडी थोडी कमी होऊ लागली. अंडी सांभाळणाऱ्या मुंगीने ती दोनदा मोजून पाहिली. ती धावतच मागच्या दाराशी गेली आणि म्हाताऱ्या पहारेकरणीला म्हणाली, "मावशी, इकडून कोण येतं?"

"एक गोम येते," मावशी शांतपणे म्हणाली.

"आणि तुम्ही तिला सोडता?"

"उलटी येते ना. फार रीतीची आहे हो. बेचाळीस पाय, पण एकही चुकत नाही."

"ती माझी अंडी खाते, मावशी. हे दार आजच बुजवा."

"असं कसं बुजवू? उद्या शेणकिडा आला तर? दारातून परत गेला, तर वारुळाची अब्रू जाईल."

अंडी सांभाळणारी रडकुंडीला आली, पण मावशी हटेना. शेवटी ती मावशीला घेऊन उकिरड्यावर त्या शेणकिड्याच्या पणतवाकडे गेली. तो गोळी वळण्यात गुंग होता.

"दादा, तुम्हाला आमचं मागचं दार लागतं का?" तिने विचारले.

"कुठलं दार?" तो म्हणाला. "आम्ही गोळी इथंच पुरतो. एवढ्या लांब कोण ढकलत नेणार?"

 परत येताच मावशीने स्वतःच मातीचा पहिला कण उचलला आणि दिवस मावळायच्या आत दार बुजले.

दुसऱ्या दिवशी गोम रीतसर उलटी आली आणि तिची शेपटी मातीवर आपटली. तिने दोनदा ढकलून पाहिले, मग ती मोठ्या दुःखाने म्हणाली, "जुन्या लोकांनी किती आपुलकीनं घालून दिलेली पद्धत. हल्लीच्या मुंग्यांना तिची किंमतच नाही."

"बाई, पुढच्या दारानं या," मावशी आतून म्हणाली. "तिथं तुम्हाला नीट हुंगून घेतील."

गोम तिकडे फिरकली नाही. आत अंडी सांभाळणारी मात्र किती तरी दिवसांनी पोट धरून हसली.

तात्पर्य : जुनी सवलत चालू ठेवण्याआधी ती आज कोणाच्या कामी येते, ते जाऊन पाहावे; ज्याच्यासाठी केली तो केव्हाच निघून गेलेला असतो आणि तिच्या नावाने गळा काढणारा भलताच कोणी असतो.